छपराखालची भाजी : शेती की उद्योग?



उसाची नोंद द्यायला आपण गट कार्यालयात येता, तेव्हा चिटबॉय पहिला प्रश्न विचारतो : लागण कोणती? आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा? ऊस तोच, रान तेच, मालकही तोच. पण नोंद कोणत्या रकान्यात पडली त्यावर तोडीची पाळी ठरते. रकाना चुकला तर ऊस कितीही चांगला असो, तोड लांबते आणि वजन घटते. वर्गीकरण ही कागदावरची गोष्ट दिसते, पण तिचा हिशेब शेवटी रानात आणि बिलात होतो, हे आपणास सांगायला नको.

आजचा विषय असाच रकान्याचा आहे, मात्र उसाचा नव्हे, भाजीचा. हरितगृहात, शेडनेटात किंवा मातीशिवाय नुसत्या पाण्यावर भाजी घेणारा माणूस सरकारदरबारी कोणत्या रकान्यात बसतो? तो शेतकरी राहतो की कारखानदार होतो? गेल्या काही महिन्यांत निरनिराळ्या गटांतील सभासदांनी आमच्या शेती विभागाकडे हा प्रश्न विचारला, म्हणून या अंकात त्याचा सविस्तर विचार करीत आहोत.

प्रश्न आला कोठून?

आपला कारखाना घाटावर असला तरी आपली भाजी घाट उतरते. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर भरलेल्या गाड्या आंबा घाटातून रत्नागिरीच्या बाजारात जातात. रत्नागिरी हा उसाचा जिल्हा नव्हे. तो भात, नाचणी, आंबा, काजू, नारळ आणि मासळीचा. तेथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात किंवा त्याहून जास्त पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या पावसात उघड्यावरची पालेभाजी कुजते. पुढे उन्हाळ्यात जांभ्या कातळावर पाणी टिकत नाही. म्हणून बाजार जवळ असूनही भाजी लांबून आणावी लागते.

अशा ठिकाणी छपराखालच्या भाजीचा विचार होणे साहजिक आहे. पावसापासून पिकाला आडोसा मिळतो आणि कातळावर मातीचा थर नसला तरी नारळाच्या भुश्याच्या पिशव्यांत किंवा पाइपातून वाहणाऱ्या खतपाण्यावर भाजी घेता येते. पाण्याचा हिशेबही सोपा आहे. दहा गुंठे म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. एवढ्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर तीस लाख लिटर पाणी होते. त्यातले निम्मे जरी साठवले तरी कातळावरच्या माणसाला ते मोठे भांडवल आहे.

आपल्या कित्येक सभासदांचे सोयरे संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांत आहेत. कोणाची सासुरवाडी तिकडे, कोणाची बहीण तिकडे दिलेली. पाहुण्यांची जागा आणि आपले भांडवल, असा मेळ काहीजण घालू पाहतात. छप्पर कसे उभारायचे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण वीजजोडाचा, कर्जाचा, अनुदानाचा अर्ज भरताना ‘व्यवसायाचा प्रकार’ असा रकाना आला की हात थबकतो. तेथे काय लिहायचे हे आधी समजून घेऊ.

आकड्यांची यादी

देशातील प्रत्येक धंद्याला सरकारने एक संकेतांक दिलेला आहे. या यादीला राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण म्हणतात, अर्जावर ‘एन.आय.सी. कोड’ असे छापलेले असते. १९७०, १९८७, १९९८, २००४ आणि २००८ अशा तिच्या आवृत्त्या निघाल्या. आपण येथे २००८ ची यादी घेऊ. तिची बांधणी संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक यादीवरून केलेली आहे, त्यामुळे चार आकड्यांपर्यंतचे बहुतेक संकेतांक दोन्हींत सारखेच आहेत.

नावात ‘औद्योगिक’ शब्द आहे म्हणून घाबरू नये. यादीत शेती, मासेमारी, शाळा, दवाखाने, दुकाने सगळे आहे. येथे उद्योग म्हणजे कारखाना नव्हे, तर माणसाचा कामधंदा.

संकेतांक वाचण्याची रीत गट नंबर शोधण्यासारखी आहे. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग गट. तसेच आधी इंग्रजी अक्षराचा विभाग; ‘ए’ म्हणजे शेती, वने व मासेमारी. मग दोन आकडे : ०१ म्हणजे पीक व पशू उत्पादन. मग तीन आकडे : ०११ म्हणजे हंगामी, बहुवर्षायू नसलेली पिके. मग चार आकडे : ०११३ म्हणजे भाजीपाला, टरबूजवर्गीय फळे व कंदमुळे. आणि त्याच्या लगतचा ०११४ कोणाचा? आपलाच, ऊस. म्हणजे सरकारच्या यादीत भाजीवाला आणि ऊसवाला हे बांधाला बांध लागून असलेले शेजारी आहेत.

आणखी एक गंमत पाहा. साखर उसाचीही होते आणि बीटाचीही. पण जागतिक यादीत ऊस ०११४ मध्ये आणि साखरेचे बीट भाजी-कंदांच्या ०११३ मध्ये. दोन्हींपासून होणारी साखर मात्र १०७२ या एकाच वर्गात. यावरून ध्यानात येईल की शेताच्या वर्गात ‘पीक कोणते’ हे पाहतात आणि कारखान्याच्या वर्गात ‘माल कोणता’ हे पाहतात.

छप्पर नव्हे, पीक

आता मूळ प्रश्न. ०११३ च्या भाजीवर प्लास्टिकचे छप्पर आले तर संकेतांक बदलतो का? बदलत नाही. जागतिक यादीतील ०१ या प्रभागाच्या टिपेतच म्हटले आहे की उघड्या शेतातील आणि हरितगृहातील, दोन्ही प्रकारची पिके या प्रभागात येतात. म्हणजे उघड्यावरची काकडी आणि पॉलिहाऊसमधली काकडी एकाच वर्गात. अळिंबी अंधाऱ्या खोलीत ताटांवर वाढवतात, तरीही तिची लागवड ०११३ मध्येच धरलेली आहे. पाण्यावरच्या भाजीलाही ‘बिगरमातीची’ असा वेगळा वर्ग ठेवलेला नाही. पिकाच्या नावानेच तिची जागा शोधायची.

येथे दोन-तीन बारकावे आहेत.

पहिला मिरचीचा. ढोबळी मिरची हे पॉलिहाऊसवाल्यांचे आवडते पीक. आपण तिला भाजी म्हणतो. पण जागतिक यादीच्या टिपेत मिरचीकुळातील पिके ०११३ मधून काढून मसाल्याच्या ०१२८ वर्गाकडे पाठवली आहेत. तेव्हा नुसती ढोबळी घेणाऱ्याने संकेतांक निवडताना हे विचारून घ्यावे.

दुसरा रोपांचा. आपल्या भागात शेडनेट पहिल्यांदा पुष्कळांनी पाहिले ते उसाच्या एक डोळा रोपांसाठी. ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरून रोपे तयार करणे आणि विकणे हा धंदा रोपनिर्मितीच्या ०१३० वर्गात मोडतो. रोप उसाचे असो वा टोमॅटोचे. विकायचे ते रोप, पीक नव्हे.

तिसरा जोडधंद्याचा. पिकाबरोबर म्हशी असल्या तर मिश्र शेतीचा ०१५० वर्ग आहे. पण पीक किंवा जनावरे यांपैकी एकाचाच वाटा ६६ टक्के किंवा अधिक असेल, तर मिश्र न धरता त्या मुख्य धंद्याचा वर्ग घ्यावा असा नियम आहे. दारात दोन म्हशी आहेत एवढ्याने कोणी मिश्र शेतकरी ठरत नाही.

अमेरिकेची रीत निराळी

हीच गोष्ट सगळीकडे सारखी आहे असे मात्र नाही. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांनी १९९७ पासून आपली सामाईक यादी केली आहे. त्या यादीत छप्पर मोजतात. उघड्या रानातला टोमॅटो १११२१९ या संकेतांकात, आणि काचेखाली वा आच्छादनाखाली पिकवलेला तोच टोमॅटो १११४१९ या संकेतांकात. अळिंबीला १११४११ असा स्वतंत्र आकडा. शिवाय हरितगृहातील भाजी त्यांनी रोपवाटिका आणि फुलशेतीच्या गटात नेऊन बसवली आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, इंटरनेटवर ‘हरितगृह भाजीचा कोड’ शोधला तर बहुधा हा सहा आकडी अमेरिकन संकेतांक समोर येतो. काहीजण तोच उतरवून घेतात. आपल्या अर्जावर तो चालत नाही. परदेशी खरेदीदाराने मागितला तर द्यावा. आपल्या सरकारच्या कागदावर आपल्या यादीचाच आकडा लिहावा.

यात एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. छप्पर वेगळे मोजले तर छपराखाली किती भाजी निघते, हे त्या देशाला त्याच यादीवरून कळते. आपल्या यादीत ती उघड्यावरच्या भाजीत मिसळून जाते. त्यातच २०१३ सालच्या सहाव्या आर्थिक गणनेत पीक उत्पादन मोजणीतूनच वगळले होते. म्हणून आपला सात-बारावरचा पीकपेरा खरा आणि वेळेवर असणे याला फार महत्त्व आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली; शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करायची आहे. छपराखालच्या पिकाचीही ती करावी. जे नोंदले नाही ते सरकारच्या लेखी पिकलेच नाही.

रेघ कोठे पडते?

मग शेती संपते कोठे आणि कारखाना सुरू होतो कोठे? आपल्याकडे ही रेघ डोळ्यांना दिसते. ऊस वजनकाट्यापर्यंत येईतो ०११४. गव्हाणीत पडून रस निघाला, साखर झाली की १०७२. गूळ करणाराही त्याच बाजूचा. भाजीला वजनकाटा नाही, म्हणून रेघ आपणच ओळखली पाहिजे. ती पुढीलप्रमाणे आहे :

१. भाजी पिकवली, तोडली, धुतली, निवडली, क्रेटमध्ये भरली आणि बाजारात नेली : हे सगळे स्वतःच्या मालाचे असेल तर शेतीच, ०११३.

२. दुसऱ्यांची भाजी मजुरी घेऊन निवडून-भरून दिली : काढणीनंतरची सेवा, ०१६३.

३. भाजी वाळवली, गोठवली, डब्यात भरली, लोणचे घातले : फळे-भाजी प्रक्रिया, १०३०. येथे शेती संपली.

४. दुसऱ्यांची भाजी विकत घेऊन विकली : व्यापार. घाऊक असेल तर ४६३०, दुकान मांडून किरकोळ असेल तर ४७२१.

एकाच छपराखाली, एकाच कुटुंबात ही चारही कामे होऊ शकतात. अशा वेळी ज्या कामातून धंद्याची जास्तीत जास्त मूल्यवाढ होते ते मुख्य काम धरायचे, ही या याद्यांची सर्वसाधारण रीत आहे. बाकीची दुय्यम म्हणून लिहायची.

प्रत्येक कचेरीचा प्रश्न वेगळा

येथवर वाचून कोणी म्हणेल, चला, संकेतांक शेतीचा निघाला, आता सगळ्या सवलती आपल्याच. तसे नाही, आणि हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. संकेतांक हा मोजणीसाठी असतो. वीज, कर, जमीन आणि कर्ज यांच्या प्रत्येकाच्या व्याख्या वेगळ्या आहेत. एका कचेरीत शेतकरी ठरलात म्हणून दुसरीत आपोआप ठरत नाही.

वीज : राज्य वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात शेतीपंप आणि ‘शेती-इतर’ असे वेगवेगळे वर्ग आहेत. ऊतिसंवर्धन, हरितगृह व अळिंबी यांना उच्च तंत्रज्ञानाची शेती म्हणून ‘शेती-इतर’ मध्ये घेतले आहे. अट अशी की ती वीज पीक घेण्याच्या कामालाच वापरली पाहिजे, औद्योगिक प्रक्रियेला नव्हे. ही अट आपणास नवी नाही. स्वतःच्या वापराच्या उसाच्या चरकाला शेतीचा दर मिळतो, पण त्याच जागेत पिठाची गिरणी चालवली तर तिला तो लागू नाही. एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी राज्याने जाहीर केलेली मोफत विजेची योजना साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी आहे. ती सवलत हरितगृहातील पंख्यांना, दिव्यांना आणि खतपाणी फिरवणाऱ्या पंपांनाही मिळेल असे गृहीत धरून खर्चाचा अंदाज बांधू नये. पाण्यावरच्या भाजीत पंप दिवसभर चालतो. विजेचा वर्ग चुकला तर नफा तेथेच जातो.

आयकर : शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे. पण तेथे शेती म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली एका प्रसिद्ध निकालात सांगितले की जमिनीवर नांगरणे, पेरणे, लावणे अशी मूळ कामे माणसाने केली पाहिजेत. नुसती नंतरची निगा पुरेशी नाही. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्न शेतीचे मानले गेले. ताटांत वाढवलेल्या अळिंबीबद्दल आयकर अपील न्यायाधिकरणाच्या हैदराबाद येथील विशेष खंडपीठाने २०१८ साली, ताटात ठेवली तरी माती ही जमिनीचाच भाग होय, असे म्हणून ते उत्पन्न शेतीचे धरले. आता नीट पाहा : तेथे ताटात माती होती. नुसत्या खतपाण्यावर वाढवलेल्या भाजीला तोच न्याय आपोआप लागतो असे धरून चालू नये. म्हणून अशा भाजीचा जमाखर्च पहिल्या दिवसापासून वेगळा लिहावा आणि कर सल्लागाराचे मत लेखी घ्यावे. घराच्या गच्चीवर पाइप मांडणाऱ्याने तर हे अगत्याने करावे.

वस्तू व सेवा कर : येथे पुन्हा निराळी यादी आहे, आणि ती धंद्यांची नसून मालाची आहे. ताजी भाजी त्या यादीच्या सातव्या प्रकरणात येते व तिच्यावर कर नाही. २०१७ च्या कायद्यात ‘कृषक’ म्हणजे स्वतःच्या, घरच्यांच्या किंवा मजुरांच्या श्रमाने जमीन कसणारी व्यक्ती अथवा हिंदू अविभक्त कुटुंब. आपल्या शेतमालापुरती त्याला नोंदणीची सक्ती नाही. दोघा भावांनी कंपनी काढली तर ती कंपनी या व्याख्येत बसत नाही. अर्थात केवळ करमुक्त माल विकणाऱ्यालाही नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे ताज्या भाजीपुरती चिंता नको. लोणच्याची पहिली बरणी विकली की हिशेब बदलतो.

जमीन : कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. म्हणून ‘आपण शेतकरी आहोत’ याचा कागद सांभाळणे ही पुढच्या पिढीची ठेव आहे. छपराखाली भाजी घेतली म्हणून तो कागद जात नाही. पण शेतजमिनीवर प्रक्रियेचे शेड, दुकान किंवा गोदाम बांधायचे असेल तर बिगरशेतीचा प्रश्न येतो. तेव्हा पाया खणण्याआधी तहसील कचेरीत लेखी विचारावे.

बँक आणि अनुदान : छप्पर उभारण्याचे कर्ज हे पीककर्ज नव्हे, ते मुदतीचे, गुंतवणुकीचे कर्ज असते. उसाच्या पीककर्जाची वसुली ऊसबिलातून होते, म्हणून संस्था निर्धास्त असते. भाजीला असे बिल नाही, तेव्हा बँक तारण आणि बाजारपेठ दोन्ही विचारणार. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात हरितगृह व शेडनेटाला ठरवून दिलेल्या खर्चाच्या ५० टक्के अनुदान आहे. क्षेत्राला कमाल मर्यादा आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि पूर्वसंमती हाती आल्यावरच कामाला हात घालायचा. २०२० साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत, जास्तीत जास्त सात वर्षे मिळते. हरितगृहे आणि बिगरमातीची शेती हे विषय त्याच्याही यादीत आले आहेत. आपण पात्र आहोत का हे बँकेत विचारावे.

एक उदाहरण सोडवून पाहू

समजा, आपल्या एका सभासदाने संगमेश्वर तालुक्यात मेहुण्याच्या वीस गुंठ्यांपैकी दहा गुंठ्यांवर छप्पर टाकायचे ठरवले. पाच गुंठ्यांत मातीवर काकडी, तीन गुंठ्यांत पाइपात पालेभाजी, दोन गुंठ्यांत विकण्यासाठी रोपे. एका कडेला भाजी निवडण्याची खोली. पुढे-मागे भाजी वाळवण्याचे यंत्र घ्यायचा विचार.

काकडी आणि पालेभाजी : ०११३. रोपे : ०१३०. स्वतःची भाजी निवडण्याची खोली : वेगळा संकेतांक नाही. शेजाऱ्यांची भाजीही मजुरीने निवडून दिली : ०१६३. वाळवण्याचे यंत्र : १०३०, आणि त्याचा वीजमीटर पहिल्यापासून वेगळा. नाहीतर एका यंत्रापायी सगळ्या छपराचा वर्ग वादात पडेल. जमाखर्चात काकडी, पालेभाजी आणि रोपे यांची तीन पाने. कारण आयकराच्या दृष्टीने पाइपातली पालेभाजी उद्या वेगळी काढावी लागली तर आकडे हाताशी असावेत.

आता जमीन मेहुण्याची आणि भांडवल सभासदाचे. सात-बारावर पीकपेरा कोणाच्या नावे? अनुदानाचा अर्ज कोणाचा? वीजजोड कोणाचा? हे तिन्ही एकाच नावावर येतील असा करार आधी करावा. नात्यात कागद कशाला, असे म्हणू नये. कागद नसला की पुढे नाते आणि पैसा दोन्ही अडचणीत येतात. मेहुण्याच्या बायकोचे, म्हणजे आपल्या बहिणीचेही नाव सात-बारावर असेल तर तिची सही आधी घ्यावी.

छप्पर टाकण्यापूर्वी

सारांश म्हणून पुढील गोष्टी कात्रण काढून ठेवाव्यात :

१. आपण नेमके काय विकणार ते एका ओळीत लिहावे : भाजी, रोपे, सेवा की प्रक्रिया केलेला माल.

२. त्यावरून संकेतांक निवडावा. अर्ज भरण्याच्या दिवशी चालू असलेली यादी पाहावी. जुन्या पुस्तकावरून आकडा उतरवू नये.

३. १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या उद्यम नोंदणीत हा संकेतांक विचारतात. तेथे सवलतीच्या लोभाने शेतीला कारखाना आणि कारखान्याला शेती लिहू नये. आपला धंदा त्या नोंदणीत बसतो का, हे जिल्हा उद्योग केंद्रात आधी विचारावे.

४. वीज, तहसील, बँक आणि कृषी खाते या चारही ठिकाणी धंद्याचे वर्णन एकाच शब्दांत द्यावे. एकीकडे ‘शेती’ आणि दुसरीकडे ‘फॅक्टरी’ लिहिलेले कागद एकमेकांसमोर आले की उत्तर देणे अवघड होते.

५. शेतकऱ्याने शेतावरच विकलेल्या पिकाला अन्नसुरक्षा कायदा लागू नाही. भाजी चिरून पाकिटात भरायची ठरली तर मात्र परवान्याची चौकशी करावी.

६. किनाऱ्याजवळ छपराचा विमा वेगळा उतरवावा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे काय केले, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते त्याच किनाऱ्यावरून गेले, हे विसरू नये. सांगाडा वाऱ्याच्या हिशेबाने बांधावा.

७. पिकाचा सल्ला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून घ्यावा. घाटावरचे छप्पर जसेच्या तसे खाली नेऊ नये. तेथील दमट हवेत हवा खेळती राहिली नाही तर रोग हटत नाही.

८. पहिल्याच वर्षी दहा गुंठे करू नयेत. दोन गुंठ्यांवर एक हंगाम काढावा, विजेचे बिल आणि बाजार पाहावा, मग वाढवावे.

सभासद बंधूंनो, ऊस सोडून भाजीकडे वळा असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. पण घरातला एखादा मुलगा किंवा सून नवे काही करू पाहत असेल, तर त्याच्या वाटेत कागदाचा खड्डा राहू नये एवढीच इच्छा. छपराने शेतकरीपण जात नाही, हे खरे. पण ‘मी शेतकरी आहे’ हे प्रत्येक कचेरीत तिच्या-तिच्या व्याख्येप्रमाणे दाखवून द्यावे लागते, हेही तितकेच खरे. ज्यांना अर्ज भरण्यात अडचण असेल त्यांनी सात-बारा, आठ-अ आणि वीजबिल घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे. रकाना कोणता, ते मिळून पाहू.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग